पेटीबाहेरचा साप

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेला जो मुलूख एके काळी चांदा जिल्हा या एकाच नावाने सरकारी दप्तरात नोंदलेला होता आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी ज्यातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा वेगळा काढण्यात आला, त्या मुलुखात हौसेने साप पाळणारा मनुष्य शोधू गेल्यास तो क्वचितच आढळेल. परंतु ज्याच्या घरात, गोठ्यात, धानाच्या पुंजण्यात अथवा कौलांखालच्या आढ्यावर साप कधीच आला नाही असा मनुष्य मात्र शोधूनही सापडावयाचा नाही. पुण्यामुंबईच्या सदनिकांत काचेच्या पेटीत बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक बाळगणारा हौशी तरुण आणि आलापल्लीच्या रस्त्यावरील एखाद्या घरातून रात्री अकरा वाजता नाग काढून आणणारा सर्पमित्र, या दोघांचे जग निराळे असले, तरी साप पेटीतून, बरणीतून किंवा पिशवीतून बाहेर आला की दोघांपुढे उभा राहणारा प्रश्न एकच असतो, आणि तो म्हणजे हा हात, ही काठी आणि हा प्राणी यांचा परस्परसंबंध कसा असावा की ज्यायोगे दोघांपैकी कोणासही इजा होऊ नये. सापास होणारी इजा मी जाणूनबुजून आधी धरतो. कारण या विषयावरच्या बहुतेक उपदेशांत ती शेवटी येते किंवा येतच नाही, आणि वस्तुतः माणसाला झालेल्या दंशाचे मूळ पुष्कळदा सापाला आधी झालेल्या त्रासात सापडते.

प्रथम कायद्याची बाजू निकालात काढणे भाग आहे. कारण तिच्याविषयी चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत शिकल्यासवरल्या लोकांचेही बरेच गैरसमज आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आपल्या देशातील वन्य साप खाजगी इसमाने पाळणे हा गुन्हा ठरविला आहे, आणि त्या अधिनियमात शिकार या संज्ञेची जी व्याख्या केली आहे तिच्यात ठार मारण्याबरोबर पकडणे आणि सापळ्यात अडकविणे यांचाही समावेश असल्याने, अंगणातली निरुपद्रवी धामण धरून हौसेखातर पिंपात ठेवणारा मनुष्य आपण भूतदया करीत आहोत अशा समजुतीत असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो शिकारीच ठरतो. जीव वाचविण्यासाठी सद्हेतूने केलेल्या कृत्यास त्यात माफी आहे, आणि शिक्षण, संशोधन किंवा औषधासाठी विष काढणे अशा कामांकरिता परवाना देण्याची तजवीजही आहे. परंतु केवळ आवड हे कारण त्या यादीत नाही. मांडुळाच्या बाबतीत तर आवडीपेक्षाही हीन असा हेतू दिसतो; गुप्तधन मिळवून देणारा दुतोंडी साप म्हणून त्या बापड्या, मातीत राहणाऱ्या, बिनविषारी जिवाचे जे सौदे होतात, त्यांच्या जप्तीच्या बातम्या वृत्तपत्रांत अधूनमधून येतच असतात.

परदेशी सापांचा कायदा निराळा आहे. बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतला, तर कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला. त्यांना आपल्या अधिनियमाची देशी प्राण्यांसाठी असलेली परिशिष्टे लागू नसल्यामुळे ते बाळगणारांची एक नवी जमात गेल्या काही वर्षांत शहरांतून निर्माण झाली. २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या परदेशी जातींकरिता अधिनियमात नवे प्रकरण घातले, आणि २०२४ च्या नियमांनी असा प्राणी बाळगणे, त्याचे हस्तांतर, जन्म आणि मृत्यू यांची नोंद परिवेश या सरकारी संकेतस्थळावर करणे बंधनकारक केले. बॉल पायथन या यादीत येतो. तेव्हा ज्याच्या घरी असा साप आहे त्याने पेटीचे झाकण उघडण्यापूर्वी आपल्या कागदांची फाईल एकदा उघडून पाहावी, हे सुरक्षिततेचे पहिले कलम मानावयास हरकत नाही.

या दोन जिल्ह्यांत बंदिवासातल्या सापाचा विचार हेमलकशाखेरीज पुरा होत नाही. भामरागडजवळ, पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमापासून थोड्या अंतरावर, बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे माडिया गोंडांमध्ये राहून दवाखाना चालविला, ही हकीकत महाराष्ट्रास ठाऊक आहे. शिकारीहून परतणाऱ्या माडियांच्या खांद्यावरील मेलेल्या माकडिणीस तिचे जिवंत पिल्लू बिलगून असलेले पाहून डॉक्टरांनी ते मागून घेतले आणि त्यातून पुढे वन्यप्राण्यांचे अनाथालय उभे राहिले, हेही अनेकांनी वाचलेले असेल. पोटासाठी शिकार करणाऱ्या माणसाला उपदेश करण्याऐवजी त्याच्या शिकारीचा मोबदला धान्यवस्त्रात देऊन पिल्लू सोडवून आणावे, ही त्या व्यवहारातली समज मला त्या अनाथालयातल्या बिबळ्या-अस्वलांच्या सहवासाहूनही मोलाची वाटते. त्या अनाथालयात साप आले, अजगर आले, आणि डॉक्टर ते हातात घेऊन येणाऱ्याजाणाऱ्यांस दाखवू लागले. साप दिसताच लाठी उचलणाऱ्या समाजात त्या प्रात्यक्षिकाचे मूल्य कमी लेखता येणार नाही.

तथापि हेमलकशाची छायाचित्रे पाहून ज्यांस अनुकरणाची ऊर्मी येते त्यांनी एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. बिबळ्याचे किंवा अस्वलाचे लहानपणापासून हातावर वाढलेले पिल्लू माणसाशी जे नाते जोडते त्यात ओळख, लाड, रुसवा असे सस्तन प्राण्यांच्या मनोव्यापारांत बसणारे पुष्कळ काही असते. सापाच्या मेंदूची घडण त्या कामासाठी झालेली नाही. साप माणसाळत नाही. तो माणसाच्या स्पर्शाला सरावतो, म्हणजे अमुक गंधाचा, अमुक उष्णतेचा, सावकाश हालणारा हा जो मोठा पदार्थ वारंवार जवळ येतो त्यापासून आपल्याला अपाय होत नाही एवढी नोंद त्याच्या ठायी होते आणि पळण्याची किंवा चावण्याची त्याची प्रतिक्रिया मंदावते. हा सराव आज आहे म्हणून उद्या असेलच असे नाही, एका माणसाशी जमला म्हणून दुसऱ्याशी जमेलच असेही नाही, आणि भूक, कात, गर्भ किंवा भय यांपैकी एक कारण उपस्थित झाले की वर्षभराचा सराव क्षणात रद्द होऊ शकतो. साप हाताळण्याचे जेवढे म्हणून नियम आहेत ते सारे या एका गोष्टीतून निघतात, आणि जो आपल्या सापाच्या प्रेमाविषयी बोलू लागतो त्याच्या हाताकडे मी जरा काळजीने पाहतो.

सापाला जग कसे कळते, हे कळल्यावाचून त्याला उचलणे म्हणजे अनोळखी भाषेत हुज्जत घालण्यासारखे आहे. त्याला बाहेरचा कान नाही. जमिनीतली कंपने जबड्याच्या हाडांवाटे अंतःकर्णापर्यंत पोचतात आणि हवेतला ध्वनीही कवटीच्या सूक्ष्म कंपनांमधून त्याला पुसटसा जाणवतो, परंतु पुंगीच्या सुरावर तो डोलत नाही. तो गारुड्याच्या हालणाऱ्या हाताकडे आणि पुंगीच्या टोकाकडे नजर लावून असतो. त्याला पापण्या नाहीत. डोळ्यावर पारदर्शक खवल्याचे झाकण असते, आणि त्यामुळे झोपलेला साप व जागा साप बाहेरून सारखेच दिसतात, ही गोष्ट पेटीत हात घालणाराने कधीही विसरू नये. दुभागलेली जीभ बाहेर काढून तो हवेतले गंधकण टाळूतल्या जेकबसन इंद्रियापर्यंत नेतो, आणि ज्या हातांनी नुकताच उंदीर धरला होता ते हात त्याच्या लेखी उंदीरच असतात. अजगराच्या ओठांवर तर उष्णता टिपणाऱ्या खाचा आहेत. अंधारातही उबदार शरीर त्याला जाणवते, आणि पेटीच्या झाकणातून वरून अचानक खाली येणारा उबदार पंजा म्हणजे एकतर भक्ष्य नाहीतर झडप घालणारा शत्रू, असा हिशेब त्याने केला तर त्यात त्याची चूक नाही.

म्हणून अनुभवी मनुष्य वरून हात घालीत नाही. तो प्रथम आपले हात साबणाने धुतो, घड्याळ व अंगठ्या काढून ठेवतो, खोलीची दारे, खिडक्या आणि विशेषतः न्हाणीच्या मोरीचे तोंड बंद करतो, कुत्रे-मांजर असल्यास बाहेर घालवितो, आणि मग पेटी उघडून साप हाताळण्याच्या लोखंडी हुकाच्या गुळगुळीत टोकाने सापाच्या अंगाच्या मध्यभागी हलकेच स्पर्श करतो. या स्पर्शात मोठा अर्थ आहे. प्रत्येक वेळी पेटी उघडली की अन्नच मिळाले असेल, तर साप उघडणाऱ्या झाकणालाच जेवणाची सूचना समजू लागतो आणि पहिल्या हालचालीवर झेपावतो; हुकाचा स्पर्श त्याला आज जेवण नाही ही बातमी देतो, निजलेला असेल तर जागे करतो, आणि चिडलेला असेल तर तो राग हातावर न निघता लोखंडावर निघतो. मान इंग्रजी एस या अक्षरासारखी दुमडून मागे घेतलेली असेल, फुत्कार चालू असेल, शेपटीचे टोक थरथरत असेल, किंवा सापाने स्वतःचा गोळा करून डोके आत लपविले असेल, तर झाकण पुन्हा लावावे; उद्याही दिवस आहे.

उचलावयाचे झाल्यास शरीराचा पुढचा तिसरा हिस्सा आणि मागचा तिसरा हिस्सा यांखाली दोन्ही तळवे सरकवून बाजूने उचलावे, आणि उचलल्यावर धरून ठेवू नये. नवशिक्याला हे सांगूनही पटत नाही. त्याला वाटते की घट्ट धरले म्हणजे साप सुटणार नाही, आणि नेमके घट्ट धरल्यामुळेच साप सुटण्याची धडपड करतो. सापाच्या शरीरात शेकडो मणके आणि त्यांना जोडलेल्या बारीक फासळ्या असतात. बोटांनी आवळल्यास त्या मोडू शकतात, आणि केवळ शेपटीला धरून लोंबकळविल्यास सगळा भार मणक्यांच्या सांध्यांवर येऊन त्याच्या कण्याला कायमची दुखापत होऊ शकते. माणसाचा हात ही एक फांदी आहे अशी सापाची समजूत होऊ द्यावी. तो एका हातावरून सरकत पुढे निघाला की दुसरा हात त्याच्यापुढे धरावा, तेथून निघाला की पहिला पुन्हा पुढे, अशा रीतीने त्याला जाऊ देत देतच जवळ ठेवावे. बसून हाताळणे उभ्याने हाताळण्यापेक्षा शतपटीने शहाणपणाचे. कारण फरशीवर पडलेल्या सापाच्या आतल्या जखमा बाहेरून दिसत नाहीत आणि मालक आठवड्याने अन्न का घेत नाही म्हणून चिंता करीत बसतो.

अजगराविषयी थोडे अधिक बोलावयास हवे. कारण ताडोब्यापासून भामरागडपर्यंतच्या रानात तो आहे, कोंबडीच्या खुराड्यात शिरून फुगून बसलेला सापडतो आणि सर्पमित्रांच्या हाती वारंवार येतो, आणि त्याला विष नसल्यामुळे बघ्यांच्या मनातली भीती पाहता पाहता थट्टेत बदलते. तीन मीटरांचा अजगर म्हणजे स्नायूंचा एक अखंड पट्टा आहे. त्याच्या विळख्यात भक्ष्याचा श्वास कोंडतो असे पूर्वी मानीत. परंतु २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोआ सापांवरील प्रयोगांत असे आढळले की विळखा पडताच काही सेकंदांत भक्ष्याचा रक्तदाब कोसळतो आणि रक्ताभिसरणच थांबते. हे ज्याने एकदा समजून घेतले तो छायाचित्रासाठी अजगर गळ्यात घालणार नाही, कितीही गर्दीने टाळ्या वाजविल्या तरी. दोन मीटरांच्या पुढचा अजगर एकट्याने कधी बाहेर काढू नये, आणि तीन मीटरांच्या पुढे गेल्यास तिसरा मनुष्य हवा. त्यांपैकी एकाने डोक्याकडे लक्ष ठेवावे, आणि सगळ्यांनी एकाच माणसाचा हुकूम ऐकावा. हातास विळखा पडलाच तर गडबडून मधूनच ओढू नये. शेपटीच्या टोकाकडून एकेक वळसा उलगडीत यावे, कारण तिकडचा जोर सर्वांत कमी असतो. चावला तर त्याचे दात घशाकडे वळलेले असतात हे आठवून हात मागे खेचू नये. खेचल्यास दात मांसात तुटतात आणि सापाचा जबडाही फाटतो. डोके किंचित पुढे रेटून किंवा थंड पाण्याची धार तोंडावर सोडून तो सुटेपर्यंत धीर धरावा, जखम साबणाने धुवावी आणि धनुर्वाताची सुई घेण्यास टाळाटाळ करू नये.

कधी हाताळू नये याचा विचार कसे हाताळावे यापेक्षा अधिक उपयोगाचा आहे. भक्ष्य गिळल्यानंतर निदान दोन दिवस सापाला स्पर्श करू नये, आणि मोठे भक्ष्य असल्यास त्याहून अधिक. घाबरलेला साप पळण्यासाठी हलके होण्याकरिता गिळलेले ओकून टाकतो, आणि अशा ओकण्याने तो इतका खंगतो की सावरण्यास आठवडे लागतात. रानातून पकडलेल्या सापाच्या बाबतीत हा नियम दुप्पट कडकपणे पाळावा. पुढच्या वेळी खुराड्यातल्या फुगलेल्या अजगराला घाईने पोत्यात कोंबताना कोणी दिसला, तर त्याला जरा थांबविण्याचे पुण्य वाचकाने जरूर जोडावे. कात टाकण्यापूर्वी काही दिवस सापाचे डोळे निळसर, दुधाळ होतात. त्या काळात त्याला नीट दिसत नाही, अंगाची कातडी हुळहुळी झालेली असते, आणि एरवी गरीब असलेला सापही फटकारतो. अंडी असलेली मादी, अंड्यांभोवती वेटोळे घालून अंग थरथरवीत त्यांना ऊब देणारी अजगरीण, आणि नुकताच नव्या घरात आलेला साप यांनाही हात लावण्याचे काही कारण नाही.

चंद्रपूरच्या उन्हाळ्याचा उल्लेख येथेच करावयास हवा. मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या घरात जाणाऱ्या या शहरात साप घेऊन अंगणात किंवा गच्चीवर येणे हे प्राणघातक ठरू शकते. सापाचे रक्त बाहेरच्या हवेप्रमाणे तापते, घाम गाळून अंग थंड करण्याची सोय त्याच्यापाशी नाही, आणि चाळिशीच्या वर त्याचे शरीर गेले की काही मिनिटांत तो दगावतो. दुपारी तापलेल्या गाडीच्या डिकीत बरणी ठेवून सर्पमित्र दुसऱ्या फोनवर गेला आणि परत येऊन पाहतो तो बरणीत प्रेत, असे होऊ नये म्हणून बरणी नेहमी सावलीत, सुती पिशवी किंचित ओलसर, आणि प्रवास शक्यतो सांजसकाळी ठेवावा. उलट डिसेंबरात, विशेषतः जंगलपट्ट्यात रात्री गारठा पडतो तेव्हा, थंड पडलेला साप मंद असतो आणि मंदपणाला माणूस गरीबपणा समजतो. तो उबेत आल्यावर त्याचा स्वभावही जागा होतो.

विषारी सापांविषयी या प्रकरणात मी हाताळण्याची कृती देणार नाही; कारण पुस्तक वाचून ती शिकता येत नाही आणि शिकण्याचा प्रयत्न करू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही या जिल्ह्यांत आहेत. त्यांच्या भरीला पूर्व विदर्भाच्या रानांत पट्टेरी मण्यार आढळते. पिवळ्या-काळ्या रुंद पट्ट्यांची ही सुंदर सापीण दिवसा अशी मवाळ पडून राहते की मुले तिला काठीने उचलतात, आणि तिच्यासंबंधी एक गोष्ट सर्पमित्रांनीही नीट ऐकून ठेवावी. आपल्याकडील बहुगुणी प्रतिसर्पविष घोड्यांच्या शरीरात उपरोक्त चार सापांचे विष टोचून तयार करतात, आणि त्यासाठी लागणारे विष बहुतांशी तामिळनाडूतील इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येते. पट्टेरी मण्यारीचे विष त्या चौकडीत नाही, बांबूच्या बनातल्या चापड्याचेही नाही. म्हणजे पट्टेरी मण्यार हातात घेऊन छायाचित्र काढविणाराने ध्यानात घ्यावे की तिच्या दंशावरचे औषध दवाखान्यात हुकमी मिळेल याची खात्री नाही. जाणते लोक आता हात आणि चिमटा दोन्ही टाळून निराळी रीत वापरतात: कापडी पिशवीच्या तोंडाशी प्लास्टिकचा नळीसारखा पाईप बांधून तो जमिनीवर ठेवतात आणि हुकाने सापास नुसती दिशा देतात, अंधाऱ्या भोकात शिरून लपणे ही सापाची स्वतःचीच ओढ असल्याने तो आपण होऊन आत जातो. प्रेक्षकांना यात काहीच पाहावयास मिळत नाही, आणि ही या रीतीची सर्वांत मोठी थोरवी आहे.

१९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांसह ७२ तास काढून जो विक्रम केला, त्याचा दाखला देऊन साप उगीच चावत नाही असे सांगण्याची प्रथा आहे, आणि ते खरेही आहे. परंतु त्या विक्रमातून नेमके काय सिद्ध झाले, हे पाहिले पाहिजे: जो मनुष्य अंगावर साप आला तरी हालत नाही त्याला साप भिंतीइतकाच निर्जीव समजतो. साप हातात घेणारा मनुष्य मात्र व्याख्येनेच हालत असतो. खैरे यांनी पुढे कात्रजला सर्पोद्यान उभारण्यासाठी आयुष्य वेचले, आणि त्यांच्या विक्रमापेक्षा त्या उद्यानाने लोकांची भीती अधिक घालविली असे मला वाटते. काचेपलीकडचा साप निवांतपणे न्याहाळता येतो, आणि हातातल्या सापाकडे पाहताना लोक त्या हाताकडेच पाहत बसतात.

दंश झालाच तर काय करावे, हे थोडक्यात सांगतो. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सरासरी दरवर्षी सुमारे ५८ हजार माणसे मेली असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिला आहे, आणि त्यांतल्या पुष्कळांचा पहिला तास मांत्रिकाच्या अंगणात गेला असेल. दोरी आवळून बांधू नये, जखम कापू नये, चोखू नये. अंगठ्या-बांगड्या काढाव्या, चावलेला अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालवू नये आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलावून प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात कळा आणि पापण्या जड होऊ लागल्या की मग कळते, म्हणून मण्यार हाताळताना खरचटल्याची नुसती शंकाही दवाखान्यात जाण्यास पुरेशी आहे. आणि घरात पाळीव साप असणारांनी आणखी एक जपावे: बिनविषारी सापाच्या अंगावरही साल्मोनेला जातीचे जंतू असू शकतात, पाच वर्षांखालील मुलांच्या हाती साप देऊ नये, स्वयंपाकघरात आणू नये, आणि परत ठेवल्यावर पुन्हा एकदा हात धुवावे.

परत ठेवणे हेही काढण्याइतकेच लक्ष देऊन करावयाचे काम आहे. कारण दहापंधरा मिनिटे सारे सुरळीत झाले की हात सैलावतो आणि बहुतेक पेट्या नेमक्या याच वेळी उघड्या राहतात. पाळीव साप असेल तर शेपटीकडून पेटीत सोडण्याऐवजी डोके आत वळवून त्याला स्वतः उतरू द्यावे, झाकणाची दोन्ही कुलपे लावावी आणि मग पाठ फिरवावी. रानातून आणलेला साप असेल तर त्याला प्रदर्शनासाठी ठेवून घेऊ नये. वनविभागाला कळवून, कोठून पकडला, कोणती जात, कोठे व कधी सोडला याची नोंद करून त्याच दिवशी किंवा त्याच रात्री मोकळा करावा. येथे एक चूक सद्हेतूने होते: वस्तीतला नाग दूरच्या घनदाट रानात, शक्यतो एखाद्या अभयारण्यात नेऊन सोडला म्हणजे त्याचे कल्याण झाले असे लोकांस वाटते. पण साप आपल्या परिसरातली बिळे, पाणी आणि भक्ष्य ओळखून असतो; अनोळखी मुलुखात टाकलेला साप दिशाहीन भटकतो आणि त्या भटकण्यात मरतो, हे अशा सापांचा माग काढणाऱ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. पकडल्या जागेपासून जवळ, वस्तीबाहेरचा एखादा झुडपी माळ किंवा नाल्याचा काठ हीच त्याची योग्य जागा. परदेशी साप मात्र कोठेही सोडावयाचा नाही. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्समध्ये पाळीव म्हणून आलेल्या आणि सुटलेल्या अथवा सोडलेल्या ब्रह्मी अजगरांनी तेथल्या सस्तन प्राण्यांची जी दाणादाण उडविली ती सर्वश्रुत आहे. ज्याला अशा सापाचा कंटाळा आला असेल त्याने वनविभागाच्या अंमलदाराशी बोलून, नोंदीचे कागद बरोबर घेऊन तो रीतसर हवाली करावा, आणि तोवर पेटीची किल्ली घरातल्या एकाच जाणत्या माणसाकडे ठेवावी.